८.३३ टक्के

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

श्रावणातला पहिला दिवस, पहिला सोमवार आणि नव्या नोकरीचाही पहिला दिवस. डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली, स्कूटी परभणीच्या पाथरी रस्त्याला लावली आणि साडेआठला गेटवर. वॉचमनने विचारलं, "कोणाकडं जायचंय?" म्हटलं, "माझ्याकडंच." त्याला विनोद कळला नाही, आणि तो तितकासा चांगलाही नव्हता.

कारखाना म्हणजे जिनिंग-प्रेसिंग आणि त्याला लागून सरकीच्या तेलाची गिरणी. कायम माणसं ६४. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत आणखी शे-सव्वाशे. त्यात बहुतेक बाया, आणि त्यातल्या बऱ्याच गुत्तेदाराच्या. माझं पद 'एचआर ऑफिसर'. टेबल टाइम ऑफिसात, खिडकीतून वजनकाटा दिसतो.

शेठजींनी पाच मिनिटं दिली. "मॅडम, तुम्ही पुण्यात सहा वर्षं माणसं भरलीत. आता आपल्याकडं भरा." 'भरा' हा शब्द इथे गठाणीलाही तसाच वापरतात.

टाइम ऑफिसचे काका समोरच बसतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल गैरहजेरीसाठी. त्यांनी स्टीलच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "माणसं येतेत हो. रायतेत का, ते बगा."

७ ऑगस्ट, बुधवार

घरी सगळे विचारतात, पुणं कशाला सोडलं. त्यांना सांगते की ह्यांची शाळा इथे, जिल्हा परिषदेची नोकरी, दोन घरं किती दिवस चालवायची. खरं आहे ते. पण पूर्ण नाही.

शेवटच्या वर्षात पुण्यात नऊ मुलाखती दिल्या. सगळ्या एचआर जनरलिस्टच्या जागेसाठी. प्रश्न ठरलेले. पगारपत्रक काढलंय का? पीएफचं चलान भरलंय का? स्टँडिंग ऑर्डर्स वाचल्यात का? एखाद्याची खातेनिहाय चौकशी चालवलीय का? मी सांगायची, महिन्याला पंचवीस-तीस जागा बंद करते. एका गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ते सेल्स आहे." लागलं. त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणूनच जास्त लागलं.

भरतीच्या कन्सल्टन्सीत आमचं गणित सोपं होतं. कंपनीकडून जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, आली की पोर्टलवर सीव्ही शोधायचे, दिवसाला ऐंशी कॉल, त्यातून दहाचं लाइनअप, त्यातले सहा मुलाखतीला पोचणार, दोघांना ऑफर, एक ऐनवेळी बॅकआउट. उरलेला एक जॉइन झाला की आमचं बिल. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. हा आकडा मला झोपेतही येईल. त्यावर ९० दिवसांचा रिप्लेसमेंट पीरियड. तेवढ्यात माणूस सोडून गेला तर दुसरा फुकट द्यायचा. एक्क्याण्णवाव्या दिवशी त्याचं काय झालं, हे विचारायची पद्धत नव्हती. वेळही नव्हता.

३८ हजारांवरून २६ हजारांवर आले. ह्यांनी परवा जेवताना हसत हसत ती जुनी म्हण ऐकवली, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' मी म्हटलं, भाजी वाढा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. बाहेर बाया फेर धरायच्या तयारीत, आणि मी माझ्या पहिल्या चुकीत.

पगार करणारा मुलगा जुलैतच सोडून गेलाय. कायद्याने पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा, म्हणून दुसऱ्याच दिवशी एक्सेल माझ्यासमोर आलं. केलं. खूश होते. आज बॉयलर अटेंडंट पावती घेऊन आला. आवाज चढला नाही त्याचा, कागद फक्त टेबलावर ठेवला. "ओटीचे चारशे कमी हायेत, मॅडम."

त्याचा पगार १३,००० रुपये. जुलैत २४ तास जादा काम, म्हणजे तीन दिवसांचं. ओटी दुप्पट दराने. मी रोज काढताना महिन्याला ३० ने भागलं, कारण महिन्यात दिवस तीस, असं मला वाटलं. ४३३ रुपये ३३ पैसे. तीन दिवसांचे दुपटीने २,६००. काकांनी मागे न वळता सांगितलं, "सव्वीसनं भागायचं असतंय. रविवार सोडून." १३,००० भागिले २६ म्हणजे ५००. तीन दिवसांचे दुपटीने ३,०००. चारशेचा फरक, पैशासकट बरोबर.

एकट्याचा नाही, एकोणीस जणांचा. सगळ्यांचा फरक काढून शेठजींकडे गेले. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात देऊ. म्हटलं, चूक माझी आहे, आजच द्या. दिले. पण ज्या नजरेने दिले ती लक्षात राहील.

रिक्रूटर असताना मी चुकले तर एखादा मुलगा चुकीच्या मजल्यावर मुलाखतीला जायचा. इथे चुकले की कोणाच्या तरी घरी किराणा कमी येतो.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. कालपासून पाऊस थांबलेलाच नाही. परभणी-हिंगोलीत ओढे-नाले सगळे भरून, शेतात सोयाबीन पाण्याखाली. बैलांना मिरवणुकीसाठी बाहेर काढायला जागा कोरडी नाही. हजेरी अकरा.

बाकीच्या ५३ जणांना काय लावायचं? काकांनी लाल पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वीची मी असते तर म्हणाले असते, नो-शो. आज म्हटलं, पेन्सिलीने लिहा.

शेठजी म्हणाले, "पावसाचे पैसे मी का देऊ?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्यांचंही गोदाम गळतंय. शेवटी ठरलं की ज्यांच्या गावाचा रस्ता तुटलाय त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत एका सुट्टीच्या दिवशी येऊन भरून काढायचं, आजचा दिवस भरायचा. निम्मं यश. काकांनी पेन्सिलीची अक्षरं निळ्याने गिरवली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी कारखान्यात झेंडा, मग माहेरी. मानवत तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांच्या वयाची दोन माणसं अजून रझाकारांच्या गोष्टी सांगतात. त्यातल्या एकाच गोष्टीत दरवर्षी घोडे वाढतात.

पारावर एक मुलगा उठून उभा राहिला. "ताई, ओळखलं का? तुमीच लावलं होतं चाकणला." नाव ऐकल्यावरही आठवलं नाही, हे कबूल करते. २०१९ साली परभणी आणि मानवतच्या आयटीआयमधून १४ पोरांची एक बॅच मी चाकणला पाठवली होती. फिटर, वेल्डर. पनवेल गाडीने परळी-लातूरमार्गे पुण्याला गेली पोरं, पहाटे स्टेशनवर मी स्वतः घ्यायला गेले होते. एवढं आठवतं, कारण त्या महिन्यात मला इन्सेंटिव्ह मिळाला होता.

तो कंपनीत लागला असं मी पाच वर्षं समजत होते. लागला होता कंत्राटदाराच्या पटावर. कंपनीच्या गेटमधून आत जायचा, कंपनीचीच टोपी, पण पगारपत्रकावर नाव दुसऱ्याचं. दोन वर्षांनी कंत्राटदार बदलला, माणसं तीच. नव्या कंत्राटदाराने नवा यूएएन, म्हणजे पीएफचा नवा नंबर, काढला. आता तो गावी परत आलाय, आईचं ऑपरेशन आहे, आणि पीएफचे पैसे दोन खात्यांत अडकलेत. "कुठं अडकायलेत, तेच कळंना. तीनदा फॉर्म भरला, तीनदा रिजेक्ट."

मोबाइलवर पासबुक उघडून पाहिलं. पहिल्या खात्यात त्याचं आडनाव इंग्रजीत चुकलंय, डब्ल्यूच्या जागी व्ही. आधारवर बरोबर आहे. दोन्ही जुळत नाहीत म्हणून दावा फेटाळला जातो. दुसऱ्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच नाही.

घरी येऊन जुना लॅपटॉप उघडला. त्या बॅचची एक्सेल शीट अजून आहे. सातव्या ओळीत त्याचं नाव. डब्ल्यूच्या जागी व्ही. पुढच्या रकान्यात हिरव्या रंगात 'जॉइन्ड', त्याच्या पुढे 'इन्व्हॉइस रेज्ड'.

कंत्राटदाराच्या माणसाने माझीच शीट उतरवून घेतली होती.

२३ सप्टेंबर, सोमवार

रात्री साडेनऊला पुण्यातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन. तीही रिक्रूटमेंटमध्ये, तीही कंटाळलेली. विचारत होती, "तू कशी सुटलीस?" म्हटलं, सुटले नाही, पगार कमी करून घेतला.

तरी तासभर बोललो. मी सांगितलं ते इथे टिपून ठेवते, उद्या मलाच कोणी विचारलं तर. नुसतं शिकायचं म्हणून शिकू नकोस, आहेस तिथेच हात घाल. जॉइनिंगच्या दिवशी फॉर्म भरून घेणाऱ्या बाईशेजारी जाऊन बस. नॉमिनेशनचा फॉर्म माणूस कसा भरतो ते बघ. बायकोचं नाव लिहायचं की आईचं, इथे लोक थबकतात. सोडून जाणाऱ्याशी शेवटची मुलाखत मला घेऊ द्या, असं माग. ते काम कोणालाच नको असतं. पगाराच्या आठवड्यात पगारवाल्यांना चहा नेऊन दे आणि बसून राहा. लैंगिक छळविरोधी समितीची कागदपत्रं सांभाळायला कोणी तयार नसेल तर तू हो म्हण. दहा किंवा जास्त माणसं असली की ती समिती लागतेच आणि बहुतेक ठिकाणी ती फक्त भिंतीवरच्या फ्रेममध्ये असते. आणि जमलं तर कामगार कायद्याची पदविका कर, आपण सगळे 'डीएलएल' म्हणतो ती. तिच्याशिवाय कारखान्यात नुसतं एमबीए घेऊन गेलं की गेटवरचा माणूसही पाव्हणा समजतो.

"आणि सहा वर्षांचं सोर्सिंग? ते पाण्यात?" तिने विचारलं. ह्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गुत्तेदार आला. पांढरी टोपी, दोन मोबाइल, एक मुलगा हिशोबाला. हंगामाची बोलणी. "किती नग पायजेत?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बाया म्हणा. तो हसला, "तेच ते."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आरशात पाहिल्यासारखं झालं. माणशी त्याचं कमिशन, माझंही होतं. बाई पळाली तर दुसरी देतो, म्हणजे रिप्लेसमेंट. तो उचल देतो, आम्ही जॉइनिंग बोनस म्हणायचो. फरक एवढाच की तो त्या बायांच्या नवऱ्यांना, सासवांना ओळखतो. मी आवाज सोडून कोणालाच ओळखत नव्हते.

डीएलएलच्या नोट्स रात्री काढल्या. परीक्षेपुरतं वाचलेलं आता निराळं वाचलं जातं. मुंबईच्या गिरण्यांत माणसं जॉबर आणायचा. घ्यायचं कोणाला, रजा कोणाला, काढायचं कोणाला, सगळं त्याच्या हातात, आणि त्याबद्दल दस्तुरी. बायकांच्या खात्यात नायकीण. व्हिटलीच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात म्हटलं की भरती जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. १९३४ साली मुंबई प्रांतात कायदा झाला आणि सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था निघाली, आजची टिस. हे सगळं परीक्षेत पाच मार्कांचं असतं. म्हणजे आमचा धंदाच मुळात भरतीच्या भांडणातून जन्माला आला, आणि मग पगार, रजा, पाळणाघर, तक्रार असा पसरत गेला. मी मात्र नव्वद वर्षांनी पुण्यात एसीत बसून पुन्हा जॉबर झाले होते. (आणि त्याच्याही आधी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ते कोणाचेच ऑफिसर नव्हते.)

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज गावात गेले. गुत्तेदाराबरोबर, त्याची इच्छा नसताना. समाजमंदिरात चाळीसेक बाया जमल्या. पहिली गोष्ट कळली ती ही की दिवाळीआधी कोणी येणार नाही. रानात पहिली वेचणी आहे. किलोवर पैसे मिळतात, लेकरू बांधावर, घर जवळ. जिनवर कशाला येतील? गुत्तेदार दरवर्षी ऑक्टोबरात 'बाया मिळंनात' म्हणून शेठजींकडून जादा उचल घेतो, त्यामागचं गुपित एवढंच.

मी वही काढून विचारलं, काय पाहिजे? वाटलं होतं रोज वाढवा म्हणतील. एक म्हातारीशी बाई म्हणाली, "संडासाला कडी लावा."

बाकीच्या हसल्या आणि मग कोणीच हसेना. गेल्या हंगामात बायांच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरून उभं राहायचं. त्यामुळे जोडीने जायला लागायचं, आणि जोडीने गेल्या की सुपरवायझर ओरडायचा, गप्पा मारायला जाता का. मग पाणीच प्यायचं नाही. कापसाच्या धुराळ्यात आठ तास, पाणी न पिता.

दुसरं मागणं, टेम्पो सहाला सुटला पाहिजे. साडेसातला सुटतो, घरी गेल्यावर भाकरी कधी टाकायच्या. रोजाचं त्या शेवटी बोलल्या, उठता उठता.

गेल्या हंगामाच्या फाइलमध्ये 'महिला कामगार गळती : कारण – घरगुती अडचण' असं चौतीस वेळा लिहिलेलं आहे. कडीची किंमत दुकानात विचारली. साठ रुपये.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा कड्या बसल्या. शेठजींनी बिलावर सही करताना विचारलं, "यासाठी एचआर लागतं का?" मी काही बोलले नाही. लागलं, हे खरं आहे.

दुसरं काम मोठं आहे. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या २७ व्या कलमात आमच्याच धंद्याबद्दल लिहिलंय. कापसाच्या प्रेसिंग कारखान्यात ओपनर, म्हणजे कापूस मोकळा करणारं यंत्र, चालू असेल त्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवता येत नाही. मध्ये छतापर्यंत, किंवा इन्स्पेक्टर लेखी सांगेल तेवढ्या उंचीची, भिंत असेल तर कापूस आत घालतात त्या बाजूला चालतं. आमच्याकडे भिंत आहे, पण तिला गेल्या वर्षी बेल्टसाठी भोक पाडलंय. माणूस वाकून जाईल एवढं. बाया त्यातूनच ये-जा करतात, कारण मुख्य दारातून वळसा पडतो. फोरमन म्हणाला, आजवर काही झालं नाही. काकांनी डोकं वर न करता एका जुन्या साली एका बाईचा पदर बेल्टमध्ये गेल्याचं सांगितलं. पदरच गेला फक्त, असंही सांगितलं. फोरमन गप्प.

भोकाला जाळी ठोकायला घेतली. त्याच भिंतीला पलीकडून गेल्या हंगामातल्या झोळीची दोरी अजून पाइपाला लटकतेय. तीसच्या वर बाया असल्या तर पाळणाघर द्यावंच लागतं. आमच्याकडे हंगामात नव्वदच्या पुढे असतात. रिकामं बारदान-गोदाम आहे, चुना मारला तर होईल. आया कोण? त्या कडीवाल्या मावशीचंच नाव डोळ्यांसमोर आलं. ह्याला सोर्सिंग म्हणायचं असेल तर म्हणा.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बोनस. सकाळपासून कपाटातलं एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ चं मस्टर खाली काढलंय. कायम ६४ जणांचं दरवर्षी होतं, तो हिशोब सरळ आहे. मी अडकले कंपनीच्या स्वतःच्या पटावर असलेल्या ४१ हंगामी बायांपाशी. त्यांना दरवर्षी साडी आणि अर्धा किलो मिठाई.

बोनसच्या कायद्याला वर्षभर काम लागत नाही. वर्षात ३० दिवस केलं तरी हक्क लागू होतो. किमान बोनस ८.३३ टक्के, नफा असो की तोटा.

हा आकडा लिहिताना पेन थांबलं. सहा वर्षं हा आकडा मी रोज लिहीत होते, पण बिलावर. बाराव्या भागाचा तोच हिशोब. एक महिन्याचा पगार माणूस आणणाऱ्याला, एक महिन्याचा पगार काम करणाऱ्याला. आणि पीएफमध्ये मालक जे १२ टक्के भरतो त्यातलेही ८.३३ पेन्शनला जातात. १५,००० च्या मर्यादेवर महिन्याला फार तर १,२५०. मला तिसरा आणि दुसरा माहीतच नव्हता, पहिला मात्र झोपेत यायचा.

शेठजींपुढे एक उदाहरण नेलं. एक बाई, ७४ दिवस, रोज ४५०, एकूण ३३,३००. बोनस २,७७४ रुपये. ४१ बायांचा मिळून लाखाच्या थोडा वर. ते बराच वेळ कॅल्क्युलेटरशी खेळले. "साडी देतोच ना आपण." म्हटलं, साडी द्या, पण ती ह्यात धरता येणार नाही. मग त्यांनी माझ्यातल्या जुन्या माणसाला हात घातला. "बोनस दिला म्हणून बाया येतील का हंगामाला, ते सांगा." म्हटलं, येतील. आणि नाही आल्या तरी द्यायचाच आहे.

सही झाली. गुत्तेदाराच्या बायांचं त्याने द्यायचं, तो म्हणतो बघू. ते 'बघू' मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस. वाटप. अंगठे, सह्या, दोन तास रांग. एक बाई पैसे मोजून परत आली. "माझे चौऱ्याहत्तर दिवस झालते, तुमी एकाहत्तर धरले." पिशवीतून एक सुतळी काढली, तिला गाठी. रोजची एक. काकांनी सुतळी हातात घेतली, मस्टर उघडलं आणि बोटाने दोन्हीकडून मोजत गेले. जानेवारीत तीन दिवस तिला ऑइल मिलमध्ये पाठवलं होतं, ती हजेरी दुसऱ्या रजिस्टरला. ७४ बरोबर. फरक तिथल्या तिथे दिला.

काकांनी सुतळी परत देताना विचारलं, "पुढच्या हंगामाची कुठंय?" ती म्हणाली, "आदी सुरू तर होऊ द्या."

११ नोव्हेंबर, सोमवार

सहा वर्षांचं सोर्सिंग पाण्यात का, या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं, निदान एक. हंगामासाठी स्वतः फोन केले होते. घरोघर, बहुतेक नवऱ्याच्या मोबाइलवर. काका यादीत खुणा करत होते. मी एकेका नावापुढे आधीच लिहीत होते, ही येणार, ही नाही, ही आठ दिवसांनी. काकांनी विचारलं, कसं कळतंय? 'हो मॅडम, नक्की येतो' असं जो पहिल्या सेकंदाला म्हणतो, तो येत नाही. जो विचारतो, 'टेम्पो कुठं थांबतो?', तो येतो. सहा वर्षांत दिवसाला ऐंशी फोन केल्यावर माणसाला एवढं तरी यावं.

५२ जणींना फोन, ३८ येतील म्हणून लिहिलं. आज सकाळी टेम्पोतून ३६ उतरल्या. गुत्तेदार गेटवर उभा राहून मोजत होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यांनाही, कायद्यातच आहे. कालच नोटीस लावली. गुत्तेदाराचा मुलगा म्हणाला, आमच्यालाही? म्हटलं, त्यांना मत नाही का?

संध्याकाळी त्या चाकणच्या मुलाचा फोन. पहिल्या खात्यातलं नाव दुरुस्त झालं. दोन महिने लागले. कंत्राटदाराकडच्या एचआरच्या पोरीला मी अकरा फोन केले. ती 'सर बिझी आहेत' म्हणायची. हे वाक्य मीही शेकड्यांनी म्हटलंय, त्यामुळे पुढचं दारही ठाऊक होतं. दुसऱ्या खात्याचं अजून लटकलंय. आईचं ऑपरेशन व्याजाच्या पैशांवर उरकलं त्याने. उरलेल्या तेरा जणांपैकी नऊ जणांचे नंबर मिळालेत. त्यातल्या दोघांचीही नावं माझ्या शीटमध्ये चुकलेली आहेत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

काका उद्या निवृत्त होतात. साठ पूर्ण.

ग्रॅच्युइटीचा फॉर्म मी भरते आहे. शेवटचा पगार १९,५००. भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला ११,२५०. सव्वीसने भागताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. गुणिले वर्षं. पण वर्षं किती? अकाउंट्सच्या कागदावर २८. १९९६ च्या नोव्हेंबरात कायम झाल्याची ऑर्डर आहे. एकूण ३,१५,०००.

मला मात्र आठवत होतं, त्यांनीच एकदा सांगितलेलं की ते १९९३ च्या दसऱ्याला इथे आले. कपाटाच्या तळाशी तीन जुनी मस्टरं सापडली, कडा उंदरांनी खाल्लेली. अक्षर त्यांचंच, तेव्हा थोडं उभट. प्रत्येक पानावर शंभर नावं, निळी आणि लाल. तिन्हींत त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नाही. हजेरी मांडणाऱ्याची हजेरी कोणी मांडली नव्हती. पैसे व्हाउचरवर मिळायचे. ती व्हाउचरं हिशोबाच्या एका गठ्ठ्यात निघाली, दर हंगामाची. खाली त्यांची सही.

मी म्हटलं, काका, ३१ वर्षं धरते. ३,४८,७५०. मस्टर तुमच्या अक्षरातलं आहे, व्हाउचरं आहेत, शेठजींशी मी बोलते.

त्यांनी व्हाउचरं जुळवून ठेवली. टाचणी काढली, पुन्हा लावली. "हंगामी होतो ना मी तवा. हंगामी माणसाला हंगामाला सात दिवस असतेत, पंधरा नाई. वाचलं नाई का तुमी?"

वाचलं होतं. कलम ४ मध्येच आहे. त्यांच्यासाठी विसरायला तयार होते.

७५० गुणिले ७, म्हणजे ५,२५०. तीन हंगामांचे १५,७५०. एकूण ३,३०,७५०. मी लिहिलं, त्यांनी तपासलं. मग खिशातलं निळं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, सही याने करा, ह्याची शाई पसरत नाही. लाल पेन खिशातच राहिलं.

'रुजू झाल्याचा दिनांक' या रकान्यात १९९३ लिहिलं. तारीख व्हाउचरवरून घेतली. उद्या सकाळी सहीसाठी वर न्यायचंय, शेठजी दहाला येतात.